कोठीमागचा कट्टा

१

"सुनबाई, तो कट्टा घरमा ठेवू नको व," फुई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, आणि मी हसले.

फुई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, द्रौपदाबाई. आधार आणि भटू या दोघा आईवेगळ्या भावांना पारोळ्याकडच्या त्यांच्या गावी फुईंनीच वाढवलं. आधार, माझे यजमान, शिकून जळगावात चित्रकलेचे शिक्षक झाले. धाकटा भटू गावी शेती बघायचा आणि फुई त्याच्याकडे राहायच्या. आमची तनू रांगायला लागली तेव्हा तिला बघायला म्हणून फुई आणि भटू आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आले. भटूच्या खांद्यावर दादर ज्वारीचं ओझं होतं.

"गोणी भिताडले लाव रे भटू," फुई दारातूनच म्हणाल्या. "मंग पाणी पी." भटूनं ओझं भिंतीशी टेकवलं.

त्यांनी तनूसाठी दुपटं शिवून आणलं होतं. जांभळ्या लुगड्याचं, पोपटी काठाचं. मी नवं कापड का नाही घेतलं म्हणून गमतीनं विचारलं, तर म्हणाल्या, "बठ्ठं मना लुगडानं शे. नवं कापड पोरले टोचस."

जायच्या वेळी भटू रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेला. तेवढ्या सवडीत फुई माझ्याजवळ सरकल्या आणि ते कट्ट्याचं बोलल्या.

"उंदरांचं म्हणताय ना?" मी म्हटलं. "कोठीमागे सरकवते, वर फळी टाकते. एकदा सवड झाली की सगळं कोठीत ओतते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. काहीतरी अजून सांगायचं होतं त्यांना. पण रिक्षा दारात येऊन थांबली, भटूनं हाक मारली आणि फुईंनी पदर तोंडाला लावला.

ओतायचं राहूनच गेलं. तनूला ताप आला, आणि तिचा ताप उतरायच्या आत आमच्या दारात पोलीस आले.

२

सकाळची वेळ. आधार आरशासमोर दाढी करत होते. फौजदार नवे होते, बदली होऊन सांगलीकडून आलेले. त्यांच्यामागे पंच म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे चुडामणभाऊ. दुसरा पंच शिंपी. तो पायरीच्या वर चढलाच नाही.

फौजदारांनी कपाट उघडलं नाही, गादी उलटली नाही. थेट मला विचारलं, "बाई, गावाकडनं आलेला कट्टा कुठं हाय?"

तनू खांद्यावर रडत होती. मला वाटलं, कुठं धान्य चोरीला गेलं असेल, त्याची चौकशी चालली असेल. मी हात केला. "कोठीमागे आहे."

शिपायानं तोंडाची शिवण कापली आणि सगळी दादर फरशीवर ओतली. मी ओरडणार होते, की अहो, पोरीच्या भाकरीची आहे, पायाखाली तुडवू नका. तेवढ्यात दाण्यांतून एक गाठोडं घरंगळलं. शिपाई आणि फौजदार त्याच्याभोवती बसले, मला त्यांच्या पाठीच दिसल्या. फौजदार उठले तेव्हा त्यांच्या हातात लाकडी मुठीचं, ओबडधोबड, गावठी पिस्तूल होतं.

आधारच्या एका गालावर साबण तसाच होता. त्यांना तो पुसूही दिला नाही.

खटला उभा राहिला, हत्यार कायद्याचा. तेव्हाचे आमचे वकील म्हणाले, "बाईंनी कोर्टात येऊ नये, लहान मूल आहे." मी गेले नाही. जामिनावर सुटलेले आधार तारखेहून यायचे, जेवायचे, गप्प झोपायचे. फक्त निकालाच्या दिवशी मी तनूला शेजारी ठेवून गेले, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी वाचलेलं एक वाक्य ऐकलं. 'शस्त्राबाबत विचारणा होताच आरोपीच्या पत्नीने ते ठेवल्याची जागा स्वतःहून दाखविली. यावरून शस्त्र घरात असल्याचे आरोपीस पूर्ण ज्ञान होते हे सिद्ध होते.'

एक वर्ष सक्तमजुरी. अपिलासाठी मुदत मिळाली, जामीन वाढला. रिक्षात बसल्यावर आधारनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर असं कधी पाहिलं नव्हतं.

"तू दाखवलंस?" ते म्हणाले. "तुला माहीत होतं?"

३

माझं माहेर धुळ्याचं. वडील तिथल्या मार्केट यार्डात मापाडी होते, आणि त्यांच्या ओळखीचे जुने वकील म्हणजे जीवराम नाना. मी तनूला घेऊन एसटीनं धुळं गाठलं. नानांनी निकाल वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"पोरी, हत्यार तू का दाखवलंस?"

"मी हत्यार नाही दाखवलं, नाना. ज्वारी दाखवली."

"फौजदारानं विचारलं काय? शब्द सांग. त्याचाच शब्द."

"कट्टा कुठं हाय."

नाना हसले. हसताना त्यांचा चेहरा वाईटच झाला. "मापाड्याची लेक तू. जन्मभर कट्टा म्हणजे काय ऐकलंस?"

आणि मग मला ते दिसलं. यार्डात मोठं ते पोतं आणि लहान तो कट्टा. गव्हाचा कट्टा, हरभऱ्याचा कट्टा. मी त्या शब्दांत वाढले. पण सांगलीच्या माणसाचं धान्य पोत्यात असतं. तो इथल्या ठाण्यात आला, सातपुड्यापलीकडून येणाऱ्या पिस्तुलांच्या केसेस लिहू लागला, आणि त्याला कट्टा या शब्दाचा एकच अर्थ शिकवला गेला, गावठी पिस्तूल. त्यानं पिस्तूल विचारलं, मी ज्वारी दाखवली, आणि दोघांचं बोट एकाच जागेवर पडलं.

"हे पहिल्या वकिलाला सांगितलं होतंस?"

"मी काय बोलले ते केसमध्ये लिहिलंय हेच मला निकालापर्यंत माहीत नव्हतं."

नानांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "एवढ्यावर अपील उभं राहील. पण न्यायाधीश मला विचारणार, मग घातलं कुणी? तुला कुणाचा संशय?"

मला चुडामणभाऊंचा होता. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी दुकानाची पत्र्याची शेड वाढवली होती आणि आधारनी नगरपालिकेत अर्ज केला होता. तिथे मुलांसाठी वाचनालय व्हावं असं आमच्या लोकांचं, आमच्या समाजाचं, म्हणणं होतं. 'आमच्या लोकांचं' या शब्दावर चुडामणभाऊ कसे हसायचे तेही मी पाहिलं होतं. भटू आणि फुई आले त्या दिवशी आम्ही सगळे मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. दाराची किल्ली चुडामणभाऊंच्या दुकानात ठेवली होती.

"आणखी?"

"जीपवाला सुपडू. पारोळ्याहून ओझं त्याच्याच जीपमधून आलं."

"आणखी?"

"बस."

"दिराचं नाव नाही घेतलंस."

"भटू घरचा आहे, नाना."

"घरचाच आहे," नाना म्हणाले आणि निकालाची प्रत बंद केली.

४

आधी मी सुपडूला गाठलं. जीप उभी करून तो टायरवर लाथा मारून हवा बघत होता.

"माझ्या जीपमध्ये कोण काय घालेल, वहिनी?" तो म्हणाला. "भटूभाऊ गोणीवरच बसून आला, टपावर. मी म्हटलं, अरे, ऊन डोक्यात जाईल, फुईजवळ खाली बस. ऐकला नाही. मी म्हटलं, तुझी दादर काय उडी मारून पळणार शे का?"

आपल्या विनोदावर तो हसला. मीही हसले.

मग दुकानात गेले. चुडामणभाऊ मला बघून जरा आत सरकले, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"काय देऊ?"

"तांदूळ. साधा."

"खालचा नका नेऊ, खडे आहेत. थांबा, नवा कट्टा फोडतो."

सुरी शिवणीत घालून ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांना कळलं होतं, आपण काय बोलून गेलो ते.

"चुडामणभाऊ," मी म्हटलं, "मी त्या दिवशी काय म्हणाले ते तुम्हाला समजलं होतं."

"फौजदारानं लिहिलं, मी सही केली."

"तुम्हाला समजलं होतं."

ते सरळ उभे राहिले. "तुमच्या मास्तरांनी माझ्या शेडवर अर्ज केला, तेव्हा मला समजून घ्यायला कोण आलं होतं?"

त्यांनी तांदूळ मोजून दिला. वजन पुरेपूर होतं. घरी येताना मी मनातल्या मनात त्यांना फासावर चढवलं. किल्ली त्यांच्याकडे होती, राग त्यांचा होता, खोटी साक्ष त्यांची होती. अजून काय हवं?

५

सत्र न्यायालयात अपील चाललं. नानांचा अर्ज मंजूर झाला आणि चुडामणभाऊंना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं गेलं.

"काय चुडामणभाऊ, दुकान बरं चाललंय?" नानांनी सुरुवात केली.

सरकारी वकील उठले. न्यायाधीश म्हणाले, "मुद्द्यावर या."

"मुद्द्यावरच आहे, साहेब. चुडामणभाऊ, साखर तुमच्याकडे कशात भरून येते?"

"कट्ट्यात." सवयीनं आलं ते तोंडातून.

"तांदूळ?"

चुडामणभाऊंनी घाम पुसला. "कट्ट्यातच."

"म्हणजे साहेब, या गृहस्थांच्या दुकानात साखर पिस्तुलातून येते."

मागचे लोक हसले. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"आता सांगा," नानांचा आवाज बदलला. "खांद्यावर तापलेलं पोर घेतलेली बाई. कोठीमागे ज्वारी. ती म्हणाली, कट्टा तिथे आहे. तुमच्या मनात काय आलं?"

चुडामणभाऊंनी पिंजऱ्याची कड धरली. मग खालच्या आवाजात, "ज्वारी."

"मग सही?"

"फौजदार साहेबांच्या मनात दुसरं आलं होतं."

आधारनी माझा हात धरला. निकालानंतर पहिल्यांदाच. ज्या ज्वारीतून हत्यार निघालं ती जप्त केली होती का, असं नानांनी मग विचारलं. केली नव्हती. त्यांनी मुद्देमाल बघायला मागितला. शिपायानं लाखेचं सील तोडून पुडकं उघडलं. मी ते पिस्तूल बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळे गेले.

पिस्तूल फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्या सकाळी मला न दिसलेलं ते फडकं जांभळं होतं. काठ पोपटी.

६

घरी आल्यावर दार लावून मी तनूचं दुपटं उलगडलं. दुपट्याच्या एका कडेला काठ मधेच संपला होता आणि तिथे फुईंनी साधा तुकडा लावून शिवण घातली होती. उरलेला काठ कुठे होता ते मी नुकतंच कोर्टात पाहून आले होते.

किल्ली कुणाकडेही असो. चुडामणभाऊंना फुईंचं लुगडं कुठून मिळणार? गाठोडं गावाहूनच आलं होतं. भटू उन्हात टपावर बसून आला होता, कारण दादर पळाली नसती, पण दुसरं काहीतरी कुणाच्या हाती लागलं असतं. आणि फौजदारांचा प्रश्न मी इतके दिवस नीट ऐकलाच नव्हता. 'गावाकडनं आलेला' कट्टा. बातमी देणाऱ्याला तो आला कुठून हेही ठाऊक होतं.

मग फुईंचा आवाज आला कानात, आणि मी दुपट्यावर बसूनच राहिले.

गोणी भिताडले लाव रे भटू.

फुईंच्या तोंडी धान्याचं लहानमोठं सगळं गोणीच असतं. सिमेंट आलं तरी 'शिमिटनी गोणी'. यार्डातला कट्टा त्यांच्या गावापर्यंत पोचलेलाच नाही. तो माझा शब्द होता, माझ्या बापाचा. ज्या बाईनं त्याच दुपारी त्याच ओझ्याला गोणी म्हटलं, ती निघताना 'कट्टा घरमा ठेवू नको' म्हणाली, तेव्हा ती ओझ्याबद्दल बोलत नव्हती. पुरुषांच्या बोलण्यातून कानावर आलेला शब्द तिनं जसाच्या तसा माझ्या पदरात टाकला होता. मी त्यात ज्वारी भरली.

नानांना सांगायला मी उठले आणि परत बसले. सांगणार काय? माझ्या नवऱ्याच्या आत्यानं आम्हाला आधीच बजावलं होतं? सरकारी वकिलांना तेवढंच हवं होतं. कट्टा म्हणजे ज्वारी या एका शब्दावर आमचं अपील उभं होतं, आणि माझ्याच घरात तो शब्द पिस्तूल म्हणून उच्चारला गेला होता. खरं सांगितलं तर खरा निर्दोष माणूस आत जाणार होता.

दुपटं मी ट्रंकेच्या तळाशी घातलं.

"तनूचं दुपटं कुठाय?" आधारनी विचारलं.

"धुवायला टाकलंय."

७

निकालाआधी भटू आला, केळी घेऊन. आधार नानांना आणायला स्टँडवर गेले होते. मी त्याला चहा दिला आणि ओट्याकडे वळून, पाठमोरी राहूनच विचारलं, "भावजी, कट्टा कुणाकडून घेतला होता?"

कट्टा म्हणजे काय, असं तो विचारू शकला असता. दादरचा का, विचारू शकला असता. माझ्या मागे बशी खणकली.

"फुई बोलनी का तुमसंगे?"

मी वळले. चहा त्याच्या मांडीवर सांडला होता. आता मी काही सांगायची गरज उरली नव्हती, आणि त्यालाही ते समजलं.

"बांधावरून भांडण होतं, वहिनी," तो म्हणाला. "धाक दाखवायला ठेवला होता. ज्याच्याकडून घेतला तो पकडला गेला. मला वाटलं, मास्तरच्या घरात कोण बघतं?"

"मग पोलिसांनी कसं बघितलं?"

तो मांडीवरचा डाग बघू लागला.

"भावजी, बातमी कुणी दिली?"

"त्यांनी मला उचललं होतं. म्हणे, माल दाखव, तुझं नाव कुठेच येणार नाही." त्यानं मांडी पुसली. "दादा शिकेल शे. नोकरीवाला शे. तो सुटी जाई, असं वाटलं."

खटल्यात ज्याला सगळे गुप्त बातमीदार म्हणत होते तो माझ्या स्वयंपाकघरात बसून माझा चहा पीत होता.

"फुईले काय काय माहीत शे?" त्यानं जाताना विचारलं. आवाज अगदी साधा होता. म्हणूनच मला भीती वाटली.

"त्या काही बोलल्या नाहीत," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. त्याचा विश्वास बसला नव्हता.

८

आधार सुटले. संशयाचा फायदा देऊन, असे शब्द होते. शाळेची संस्था म्हणते, संशयाचा फायदा म्हणजे निर्दोष नव्हे, बघू. आधार घरीच असतात. तनूची चित्रं काढतात, पण चेहरा पुरा करत नाहीत.

कॉलनीत सगळ्यांना वाटतं पिस्तूल चुडामणभाऊंनीच घातलं. त्यांच्या दुकानात फारसं कुणी जात नाही. मी जाते. ते माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही, आणि तांदूळ मोजला जातो.

आधारना मी सगळं सांगितलं. दुपटं दाखवलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "असे काठ हजार लुगड्यांना असतात. भटूनं असं करणं शक्य नाही." पुन्हा तो विषय काढू दिला नाही. आपल्याला आत घालणाऱ्या भावापेक्षा त्यांना माझ्यावरचा राग सोपा जातो.

मी एकटी गावी गेले, तनूला घेऊन. भटूची बायको दारातच उभी राहिली, आत येऊ देईना. "फुई धुळ्याले गई, तिना भाचाकडे." तिच्या खांद्यावरून मागची खोली दिसली, बाहेरून कडी लावलेली. धुळ्याला जाऊन मी त्या भाच्याला, फुईंच्या बहिणीच्या मुलाला, विचारलं. फुई त्याच्याकडे दोन दिवाळ्यांपासून आलेल्या नाहीत. पोलिसांत जावं तर काय सांगून? त्यांच्या बातमीदाराविरुद्ध? नानांनी जाऊ नको म्हटलं. म्हणाले, निकाल अजून ओला आहे, सरकार वर जाऊ शकतं, तोंड उघडशील तर पुन्हा तोच शब्द निघेल.

फुईंनी आयुष्यात एकदाच घरातलं बाहेर सांगितलं, आणि ते मला सांगितलं.

म्हणून तुम्हाला सांगते. पारोळ्याहून बोरी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यानं कधी गेलात तर पिठाच्या गिरणीला लागून निळ्या दाराचं घर दिसेल. माझं नाव सांगू नका. केसबद्दल काही बोलू नका. अंगणात उभं राहून, मागच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात, गोणी कुठे ठेवू एवढंच, पण त्यांच्या बोलीत विचारा, "फुई, गोणी कथा ठेवू?"

आतून कुणी म्हातारं माणूस "भिताडले लाव" म्हणालं, तर मला पिंप्राळ्याला तेवढं कळवा.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर लगेच निघू नका. कडी बाहेरून आहे का बघा. जरा थांबा, आणि पुन्हा एकदा हाक मारा.